चाड्यावरची मूठ

निजामाचं राज्य गेलं त्या वर्षीची गोष्ट. भादव्यात फौज येऊन गेली, रझाकार दिसेनासे झाले, पळून गेलेली माणसं हळूहळू गावात परतू लागली. एवढ्या सगळ्या उलथापालथीत आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सुचलं काय, तर नातवाला मठात पाठवायचं. सकाळची वेळ होती. मी ओसरीवर बसून पेरणीसाठी ज्वारीचं बी निवडत होतो. आबा भिंतीला टेकून बसले होते आणि माझा पोरगा समोर बैलांना पाणी दाखवत होता. त्याच्याकडे बघत आबा म्हणाले, "पोरगं बारा वर्साचं झालं. दसरा झाला की मठात धाडून देऊ सेवेला. तुला धाडलं व्हतं तसं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आमच्या घरात बापासमोर आवाज चढवायची रीत नव्हती. मी नुसतं म्हणालो, "काहून, आबा? त्याला पुढं शिकवायचंय."

"शाळा कुठं पळून चालली? सेवा संध्याकाळची. तुलाबी शाळा व्हतीच की. काय वाईट झालं तुहं?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ होतं, आणि लग्न झाल्यापासून मी ते पोटात घेऊन फिरत होतो. ते द्यायचं तर बापाला तोंडावर सांगावं लागणार, की आबा, तुम्हीच मला नेऊन बसवलंत आणि तिथंच माझं वाटोळं झालं. नाही द्यायचं तर दसरा झाला की माझं पोरगं त्या ओट्यावर चिलीम भरत बसणार. दोन्हीतलं एकही मला करवत नव्हतं. विचार करता करता हातातली ज्वारी कधी या टोपल्यात तर कधी त्या टोपल्यात पडत गेली, आणि निवडलेलं बी कुठलं नि न निवडलेलं कुठलं हेच मला कळेना. पुन्हा पहिल्यापासून निवडत बसलो.

मी लहानपणी कसा होतो हे सांगितल्याशिवाय माझी ही चिडचिड कुणाला कळायची नाही. आमचं गाव गोरेगावच्या बाजाराला चालत जावं इतक्या अंतरावर. श्रावणात देवळात पोथी लागायची. वाचणारी म्हातारी माणसं दमली की मला बसवायचे. बाया कुजबुजत, लेकरं रडत, बाहेर कुत्री एकमेकांच्या अंगावर जात; माझं बोट ओळीवरून हलायचं नाही. ज्वारी हुरड्यात आली की पाखरं राखायला मला माळ्यावर चढवत. इतर पोरं थोड्या वेळात कंटाळून बोरं शोधत हिंडायची, मी गोफण घेऊन दिवसभर तसाच बसे. शाळेत मास्तर उर्दूतून मजकूर सांगत आणि आम्ही तो उतरवून घ्यायचा. मास्तरांना कधी दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. "बच्चे का ध्यान देखो," असं ते आल्यागेल्याला सांगत. आता स्वतःची टिमकी वाजवल्यासारखं वाटेल, पण वाजवू द्या. दुसरं काही वाजवण्यासारखं पुढं माझ्या हातून झालंच नाही.

ते ध्यानच मला नडलं. गावाबाहेर ओढ्याच्या काठी गोसाव्यांचा मठ होता. तिथले बुवा एकदा पोथीला आले आणि माझ्याकडे बघत राहिले. मग आबांना म्हणाले, "हे पोरगं थिर हाय. ह्याला सेवेला द्या." सेवा म्हणजे काय, तर मठाचा ओटा झाडायचा, धुनीला लाकडं घालायची आणि चिलीम भरायची. चिलीम भरायला थिर पोरगंच लागतं. गांज्यातलं बी न् बी वेचायचं, तळहातावर घेऊन अंगठ्यानं मळायचं, तंबाखू बेतानं घालायची, चिलमीच्या तळाशी खडा ठेवून त्यावर भरायची, वरती निखारा ठेवायचा, खाली ओल्या फडक्याची साफी गुंडाळायची. घाई केली की सगळं वाया जातं. शेतकऱ्यांच्या घरातलं चांगलं, शांत पोर निवडून घ्यायची मठाची पद्धत होती, आणि आपलं पोर निवडलं गेलं की घरच्यांना अंगावर मूठभर मांस चढायचं.

आबांनी स्वतः आयुष्यात कधी झुरका मारला नाही. सुपारीचं खांडही तोंडात टाकलं नाही. पण मठातून आलेलं ते सगळं त्यांच्या दृष्टीनं प्रसाद. नवं धोतर नेसवून, हातात नारळ देऊन त्यांनीच मला तिथं नेलं आणि बुवांच्या पायावर घातलं. मी तेव्हा जेमतेम बारा वर्षांचा होतो.

मठातला नियम असा होता, की जो भरतो त्यानंच पहिला झुरका मारून चिलीम पेटती करून द्यायची. बुवांच्या हातात विझकी चिलीम जायला नको. बाकीचे बसलेले असायचे मोठे बाप्ये, ते पाळीपाळीनं ओढायचे आणि घरी जायचे. मी मात्र संध्याकाळी जितक्या चिलमी भरी तितक्यांचा पहिला झुरका माझाच. बसलेल्या कुणालाही हे वावगं वाटलं नाही. पहिल्या दिवशी मी ओट्याखाली जाऊन ओकलो. बुवा हसले, "हळूहळू अंगी लागंल."

लागलं. सुरुवातीला एका झुरक्यात ओढ्याचं पाणी उलटं वाहतंय असं वाटायचं. वर्षभरात त्याच झुरक्यानं नुसतं बरं वाटू लागलं, आणि मिसरूड फुटलं तेव्हा अख्खी चिलीम एकट्यानं ओढली तरी काही होईना. मग दोन. शाळा सुटली ती कुणी सोडवली नाही, आपोआप सुटली. मास्तर सांगत, मी पहिलं वाक्य लिही, आणि दुसरं ऐकू येईपर्यंत मन खिडकीतून कुठं गेलेलं असे कुणास ठाऊक. मास्तर छडी मारून थकले. त्यांनी आबांना बोलावून सांगितलं, की याचं आता अभ्यासात मन नाही. आबा म्हणाले, "वय हाय."

सतराव्या वर्षी लग्न झालं. बायको कळमनुरीकडची, तोंडाची फटकळ. आल्या आल्या म्हणाली, "तुमच्या तोंडाला जळक्या सुतळीचा वास येऊन राह्यला. ह्ये असंच चालायचं असंल तर मी आपली माह्या मायकडं बरी." सासुरवाडीहून माणसं यायची तेव्हाही ती त्यांच्यासमोर हेच बोलायची. लाजेनं म्हणा, तिच्या धाकानं म्हणा, मी मठ सोडला. सोडताना फार तकलीफ झाली. झोप उडाली, घास गोड लागेना, माणसाचा आवाज ऐकला तरी चावावंसं वाटे. पण सोडली ती सोडली. त्यानंतर आजवर मी चिलमीला तोंड लावलेलं नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं ज्यांनी ज्यांनी मला सुनावलं त्यांना मी अजून चोरून ओढतो असंच वाटायचं.

सोडली म्हणजे पुन्हा पहिल्यासारखा होईन, असं मला वाटलं होतं. बायकोलाही वाटलं होतं. त्याच वर्षी आबांनी रब्बीच्या पेरणीला मला चाड्यावर उभं केलं.

शेत न पाहिलेल्यांसाठी सांगतो. पेरायच्या तिफणीला तीन फण असतात आणि प्रत्येक फणातून एकेक पोकळ नळा वर येतो. तिन्ही नळे वरती एका लाकडी वाटीत उघडतात, तेच चाडं. पुढं बैल चालतात आणि मागं एकजण चाड्यावर मूठ धरून बोटांच्या फटीतून बी सोडत चालतो. मूठ सारखी सुटली तर तिन्ही तासांत, म्हणजे ओळींत, सारखं बी पडतं. तेवढंच काम. ना जोर लागतो, ना अक्कल लागते, फक्त मन त्या मुठीत ठेवावं लागतं. मन हललं की मूठ आवळते नाही तर सैल होते. आवळली तर पुढं वावभर जमीन बिनबियाची राहते, त्याला आम्ही नांगा म्हणतो. आणि ही चूक झाकता येत नाही. आठ दिवसांत पीक उगवतं आणि बाजाराला जाणारा प्रत्येकजण रस्त्यावरून बघतो, की या घरात मूठ कुणाची. सोयरिकीला आलेली माणसंसुद्धा विचारायची, पेरायला मूठ कोण धरतो?

माझी पहिली पेरणी उगवली आणि मायनं कपाळाला हात लावला. तासात इथं नांगा, तिथं नांगा, मधेच कुठं झुबकाच्या झुबका. म्हशीनं चरून टाकावं तसं वावर.

आता खरी गंमत पुढंच आहे. गंमत म्हणतो, पण आठवलं की अजून दात खावेसे वाटतात. एवढं डोळ्यांसमोर दिसत असून कुणाच्याही मनात माझ्याबद्दल शंका आली नाही. आली ती तिफणीबद्दल. आबांनी सुताराला बोलावलं. सुतारानं चाडं उलटं करून पाहिलं, भोकांत बोट घालून पाहिलं आणि भोकं लहान झाली आहेत असं ठरवून ती मोठी केली. पुढच्या पेरणीला नांगे तसेच आले, वरून झुबके वाढले. मग नळे बदलले. मग बी मुंग्यांनी नेलं असं ठरलं आणि बांधावर साखर टाकली. मग कुणाची तरी दृष्ट लागली असं माय म्हणाली आणि तिफणीवरून लिंबू उतरवलं. मूठ मात्र तीच. एकाही माणसाला म्हणावंसं वाटलं नाही, की अरे, चाड्यात नाही, या पोराच्या डोक्यात काहीतरी गळतंय! आणि मठाचं नाव तर कुणी काढणंच शक्य नव्हतं. प्रसादानं कुणाचं वाईट होतं का?

दुसऱ्या पेरणीपासून एक झालं. उगवल्यावर नांगे खूप दिसायचे, पण महिनाभरात बरेच भरून आलेले असायचे. तिथली ज्वारीची ताटं जरा बुटकी राहायची, इतकंच. लोक म्हणाले, बी मागाहून उगवलं. सुतार म्हणाला, माझ्या हाताचा गुण. मला तेवढाच आधार वाटला.

आत काय होत होतं ते मी कुणाला सांगणार? मी तिफणीमागं चालायला लागे तेव्हा माझं सगळं लक्ष मुठीत असे. मी मनाला दामटून बसवे. दात आवळून बसवे. मग बैलाच्या शेपटीला एक गोचीड दिसे. गोचीड काढायला पाहिजे. मागच्या वेळी काढली तेव्हा बैलानं लाथ मारली होती. ती लाथ चुलतभावाच्या गुडघ्याला लागली होती. चुलतभाऊ हल्ली बोलत नाही. काहून बोलत नाही? आणि इथं पोचल्यावर एकदम ध्यानात येई, की आपण पेरतोय. मूठ गच्च आवळलेली असे आणि मागं किती जमीन कोरी गेली याचा पत्ता नसे. मन जाताना मला दिसायचंच नाही, परत आलं की कळायचं, की गेलं होतं. जाताना दिसलं असतं तर पकडलं नसतं का?

लोक मला सांगत, "जरा ध्यान देत जा." असा राग यायचा! पांगळ्याला कुणी सांगतं का, जरा चालत जा? बायको म्हणे, "मी बोलून राह्यले अन् तुमी भिंतीकडं बघून राह्यले. माहं बोलनं आवडत न्हाई तर तसं सांगा." मला आवडत होतं. मी ऐकायला बसतही होतो. तिच्या तीन वाक्यांतलं एक माझ्यापर्यंत पोचे आणि त्यावरून मी अंदाजानं मान हलवी. ती चुकीच्या जागी हलली की दोन दिवस अबोला. श्रावणात एकदा पुन्हा पोथीला बसलो तर एकच ओवी दोनदा वाचली आणि पुढच्या चार गाळल्या. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. त्यानंतर मी देवळात मागं खांबाला टेकून बसू लागलो.

दुसरी खोड त्याहून विचित्र. शिवरात्रीला आम्ही औंढ्याला गेलो होतो. यात्रेत भांग घोटलेली होती. गावातल्या माणसांनी आग्रहानं पाजली, नाही म्हणता म्हणता मी तांब्याभर प्यालो. बरोबरचे धडधाकट गडी अर्ध्या तासात आडवे. कुणी रडतंय, कुणी मीठ मागतंय. मी आपला कोरडा ठणठणीत बसून त्यांची पागोटी सांभाळतोय. झुरका सोडून कैक वर्षं झाली होती, तरी अंगाला पत्ता नाही. तर गावात काय नाव झालं माझं! "माणूस असावा तर असा, तांब्या रिचवला अन् डोळा लाल न्हाई." आबांनाही कौतुक वाटलं. पेरणीत नाक कापलं गेलं होतं, ते भांगेनं परत आलं. मला त्या कौतुकाची इतकी चीड आली, की मी परतीच्या वाटेवर कुणाशी बोललो नाही.

आणि त्या मर्दुमकीची किंमत काय होती ते पुढं कळलं. गाडी हाकताना असंच मन कुठं तरी गेलं, चाक दगडावर चढलं आणि मी खाली. नळीचं हाड मोडलं. बाळापूरकडे एक हाडं बसवणारा होता, त्याच्याकडे नेलं. तो आधी माजूम देई, भांगेची वडी. ती चढली की माणूस गुंगीत पडे आणि मग तो हाड ओढी. मला एक वडी दिली. मी टक्क जागा. दुसरी दिली. जागाच. त्यानं माझ्या पापण्या उचलून पाहिल्या आणि विचारलं, "लहानपणी लई ओढलीस का रं?" मी मान हलवली. तो म्हणाला, "मग माह्याकडं तुह्यासाठी औषध न्हाई. ज्येला कोवळेपणी लागली त्येला पुढं काहीच लागत न्हाई." चार माणसं माझ्या छातीवर आणि मांडीवर बसली आणि त्यानं तसंच हाड ओढलं. मी किती ओरडलो ते आबांनी बाहेर उभं राहून ऐकलं. माझ्या सगळ्या आयुष्यात खरं निदान करणारा तो एकटाच माणूस भेटला, आणि तोही माझा पाय ओढायच्या गडबडीत होता.

तोवर आबांनी चाड्यावर एक हुशार गडी ठेवला होता आणि मी बैल हाकत असे. स्वतःच्या वावरात मूठ दुसऱ्याची. गाव काय म्हणायचं ते म्हणालं, पण पीक बराबर येऊ लागलं आणि सुतार यायचा बंद झाला.

तर निजामाचं राज्य गेलं त्या वर्षी हा गडी गावात नव्हता. रझाकारांच्या धाकानं तो कनेरगावावरून निजामाच्या हद्दीपलीकडे वाशीमच्या मुलखात गेला होता, अजून परतला नव्हता. हस्त संपत आला, वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, जात होता. आबांचे हात थरथरत. बायको म्हणाली, "मी धरते मूठ. मायकडं मीच धरत व्हते." आणि ती खरंच चांगली धरायची, मी तिच्या माहेरी पाहिलं होतं. आबा म्हणाले, "आपल्या घरात बाईमानसानं चाड्यावर हात ठिवला न्हाई कधी." ती तडातडा चालत आत गेली आणि भांडी आपटू लागली. राहिलो मी.

मठाचं बोलणं त्याच आठवड्यातलं. तेव्हा मी मनाशी ठरवलं, की रस्त्याकडेचं वावर मी पेरीन. मुद्दाम वाईट पेरणार नाही. वर्षाची भाकरी आहे, तिच्याशी खेळ नाही. जिवाचा आटापिटा करून चांगलं पेरीन. नांगे आले नाहीत तर मी चुकीचा, आबा बराबर आणि पोरगं मठात. आले, तर आबांना तिथं उभं करून दाखवीन.

इतक्या मनापासून मी दुसरं कुठलंही काम केलेलं नाही. नजर चाड्यावर ठेवली. बैलांकडे बघितलं नाही. "पेरतोय, पेरतोय" असं तोंडानं पुटपुटत राहिलो. पोरगा बैल हाकत होता. त्यानं मागं वळून विचारलं, "कोनाशी बोलून राह्यले?" मी त्याच्यावर खेकसलो. संध्याकाळी घरी आलो तेव्हा जबडा दुखत होता, पण मनात आलं, जमलं असावं. आणि एकाएकी घाबरलो, की जमलं असलं तर?

आठ दिवसांनी ज्वारी वर आली. नाही जमलं. पहिल्या पेरणीइतकं वाईट नव्हतं, पण रस्त्यावरून दिसत होतं. बाजाराचा दिवस होता, माणसं जाता जाता थबकत होती. मी आबांना घेऊन गेलो. पोटातलं सगळं बाहेर पडलं. म्हणालो, "बघा, आबा. तिफणीत खोट न्हाई, बियात न्हाई, मुंग्या न्हाईत. ही मूठ मठात बिघडली. बारा वर्साचा व्हतो मी. तुमी इचारलं न्हवं, काय वाईट झालं? ह्ये झालं. पोथी गेली, शाळा गेली, बायको बोलती ते ऐकू येत न्हाई, हाड मोडलं तर दवा लागत न्हाई. आता पोराचं करायचं का असंच?" इतकं मी त्यांच्यासमोर कधी बोललो नव्हतो.

आबा बांधावर बसले. मला वाटलं होतं, ओरडतील. ते ओरडले नाहीत. एका नांग्याकडे बघत म्हणाले, "मला तुह्या पहिल्याच पेरणीला समजलं व्हतं. सुतार, मुंग्या, ह्ये समदं लोकाइसाठी. दुसऱ्या वर्सापासून पहाटं येऊन नांग्यात बी मी टोचत व्हतो, कोनाला दिसू नये म्हून. बुवाला जाऊन इचारलंबी व्हतं मी. तवा बुवा..."

मी ऐकत होतो. जिवाचे कान करून ऐकत होतो. सगळी वर्षं मी याचीच वाट बघत होतो. शेजारच्या वावरात कुणाचा तरी बैल बांधलेला होता आणि त्याचा पाय दाव्यात अडकला होता. दावं जुनं होतं. आमचंही एक दावं झिजलंय. आज बाजार आहे, नवं आणायला हवं. मागच्या खेपेला आणलं ते अंबाडीचं होतं, लवकर तुटलं...

"...म्हून म्हनतो, पोरगं घरीच ऱ्हाऊ दे," आबा म्हणत होते. त्यांचे डोळे ओले होते आणि पटक्याचं टोक हातात होतं. ते बराच वेळ बोलले असणार, कारण आवाज बसला होता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ऐकलंस न्हवं?"

"व्हय, आबा," मी म्हणालो.

पोरगं मठात गेलं नाही. बायकोनं त्या दिवशी मला खोदून खोदून विचारलं, आबा काय म्हणाले. मी तिला सुरुवात सांगितली आणि शेवट सांगितला. ती म्हणाली, "मदी काही बोलले न्हाई व्हय?" मी म्हणालो, "न्हाई." आबा पुढच्याच उन्हाळ्यात गेले. तोवर रोज ते माझ्यासमोर ओसरीवर बसलेले असत आणि रोज माझ्या ओठांवर येई, की आबा, बुवा तुम्हाला काय म्हणाले, सगळं ठाऊक असून पोराला तिथं का धाडत होतात, आणि मग माझ्याबद्दल काय म्हणालात, पुन्हा एकदा सांगा. पण विचारायचं म्हणजे आधी सांगावं लागलं असतं, की मी ऐकलंच नाही. आणि ते सांगितल्यावर आबा काय समजले असते, हे मला पक्कं ठाऊक होतं. आजवर सगळे जे समजले तेच. की बापाचं बोलणंसुद्धा याला ऐकावंसं वाटलं नाही.